सतराव्या ग्रीनवर एक पाळी बाकी होती: ब्रुकलाइन, १९९९

जिंकल्यावर नाचावं की नाही, हा विषय बडोद्यातल्या कुठल्याही मैदानावर काढा, लगेच दोन तट पडतात. दांडिया बाजारातल्या एका व्यायामशाळेत आम्ही तरुण प्रशिक्षकांचा अभ्यासवर्ग घेतो. क्रिकेट, खो-खो, मल्लखांब, कुस्ती अशी सगळी मंडळी येतात. या विषयावर दरवेळी आपापल्या खेळातली उदाहरणं निघायची, दरवेळी त्यात कुणाचा तरी संघ, कुणाचा तरी शिष्य असायचा, आणि चर्चा विषय सोडून माणसांवर जायची. म्हणून यावेळी मी मुद्दाम असा खेळ निवडला ज्यात आमच्यापैकी कुणाचंच काही गुंतलेलं नाही. लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात मोतीबागेचं क्रिकेट मैदान आहे आणि त्याच आवारात गायकवाड बडोदा गोल्फ क्लबही आहे. मोतीबागेत आम्ही सगळे जाऊन आलेलो, गोल्फच्या हिरवळीवर मात्र फार थोडे.

गोल्फ निवडण्याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. क्रिकेटमध्ये गडी बाद झाल्यावर तुम्ही कितीही उड्या मारा, बाद झालेल्याला आता काही करायचं नसतं. गोल्फमध्ये तुमचा चेंडू खळग्यात गेला तरी समोरच्याचा चेंडू तिथेच, त्याच हिरवळीवर पडलेला असू शकतो. त्याला अजून खेळायचं असतं. जल्लोष आणि खेळ यांच्यातली सीमा इतकी स्पष्ट दाखवणारा दुसरा खेळ मला सुचला नाही. म्हणून १९९९ मध्ये ब्रुकलाइनला झालेल्या रायडर कप या गोल्फ स्पर्धेतलं प्रकरण घेतलं.

स्पर्धा

रायडर कप १९२७ साली सुरू झाला. सॅम्युअल रायडर या इंग्लंडमधल्या बियाणांच्या व्यापाऱ्याने तो चषक दिला. आधी अमेरिका विरुद्ध ब्रिटन अशी लढत असायची, १९७९ पासून समोर अख्खा युरोप आला. एरवी गोल्फपटू एकटा खेळतो आणि स्वतःसाठी कमावतो. इथे तो संघासाठी खेळतो, आणि जिंकणाऱ्याला बक्षिसाची रक्कम नसते.

तीन दिवसांत २८ सामने, प्रत्येकाला एक गुण, बरोबरी झाली तर अर्धा अर्धा. पहिले दोन दिवस जोड्यांचे, शेवटच्या रविवारी बारा एकेरी सामने. पद्धत मॅच प्लेची, म्हणजे एकूण फटके मोजायचे नाहीत, एकेक होल कोण जिंकतं ते पाहायचं. होल म्हणजे मैदानाचा एकेक टप्पा, त्याच्या शेवटी एक खळगा; असे अठरा टप्पे असतात. चषक ज्याच्याकडे आहे त्याला तो राखायला १४ गुण पुरतात, आव्हान देणाऱ्याला साडेचौदा लागतात.

या पद्धतीतली एक रीत प्रकरण समजायला हवीच. समोरच्याचा चेंडू खळग्याजवळ असेल, तर ‘दिला’ म्हणून त्याला तो फटका सोडून देता येतो. एकदा दिलेला फटका परत घेता येत नाही. देणं सक्तीचं नाही. म्हणजे समोरच्याशी कसं वागायचं याचा काही भाग खेळाने खेळाडूच्याच हाती ठेवलाय. १९६९ मध्ये रॉयल बर्कडेलला शेवटच्या सामन्यातल्या शेवटच्या होलवर जॅक निकलॉसने टोनी जॅकलिनला असाच एक छोटा पट सोडून दिला. पट म्हणजे ग्रीनवर, खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, चेंडू खळग्याकडे हलकेच ढकलायचा फटका. त्यामुळे स्पर्धा १६–१६ अशी सुटली, आणि रायडर कपच्या इतिहासातली ती पहिली बरोबरी ठरली. चषक अमेरिकेकडेच राहणार होता हे खरं, पण निकलॉसचा कर्णधार सॅम स्नीड त्या औदार्यावर खूश नव्हता हेही खरं. संघाच्या हिशेबात औदार्य बसतं का, यावर तेव्हाही एकमत नव्हतं.

शनिवारची रात्र

सप्टेंबर १९९९. बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइनमधला ‘द कंट्री क्लब’. आधीच्या दोन्ही स्पर्धा, १९९५ची आणि १९९७ची, युरोपने जिंकलेल्या. त्या उन्हाळ्यात अमेरिकेत आणखी एक वाद पेटला होता. स्पर्धेतून आयोजकांना मोठं उत्पन्न मिळतं, त्यातलं काही कुठे जावं हे ठरवण्यात खेळाडूंना वाटा हवा, असं त्यांच्या काही नामवंत खेळाडूंनी म्हटलं. लगेच ‘यांना देशाचं काही नाही, पैशाचं आहे’ अशी टीका सुरू झाली. कर्णधार बेन क्रेनशॉही दुखावला होता. रविवारी जे घडलं त्यामागे हा सल होता असं मला वाटतं. ‘आम्हाला पर्वा आहे’ हे त्या संघाला सगळ्या जगाला दाखवायचं होतं.

शनिवारी संध्याकाळी युरोप १०–६ ने पुढे होता. तोपर्यंत शेवटच्या दिवशी दोनपेक्षा जास्त गुणांची पिछाडी कुठल्याच संघाने भरून काढली नव्हती. पत्रकारांसमोर क्रेनशॉ बोट उगारून म्हणाला की आपला नशिबावर विश्वास आहे, उद्याबद्दल आपल्याला चांगलं वाटतंय. त्या रात्री संघाच्या बैठकीत टेक्ससचे तेव्हाचे गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी एक पत्र वाचून दाखवलं. १८३६ मध्ये अलामोच्या वेढ्यात अडकलेल्या विल्यम ट्रॅव्हिसने लिहिलेलं, शरण न जाण्याचं पत्र.

इथे वर्गात थोडी चुळबुळ झाली, कारण सामन्याच्या आदल्या रात्री पोरांना पावनखिंड सांगणारे प्रशिक्षक आमच्यातही आहेत. मीही सांगितली आहे, आणि पोरं त्याने पेटून उठतात हे पाहिलंय. पण पावनखिंडीत समोरच्याच्या पाळीची वाट पाहायची नसते. मॅच प्लेमध्ये पाहावीच लागते. लढाईची गोष्ट सांगून पोरांना मैदानात सोडणाऱ्याने हा फरकही त्याच रात्री सांगायला हवा. ब्रुकलाइनला तो कुणी सांगितला असेल असं पुढच्या घटनांवरून दिसत नाही.

रविवार

युरोपचा कर्णधार मार्क जेम्सने पहिल्या दोन दिवसांत तिघांना एकदाही मैदानात उतरवलं नव्हतं: यार्मो सँडेलिन, ज्याँ व्हान द वेल्ड आणि अँड्र्यू कोल्टार्ट. रविवारी मात्र बाराही जणांना खेळावंच लागतं. हे तिघं सरावाशिवाय मिकलसन, डेव्हिस लव्ह आणि टायगर वुड्स यांच्यासमोर उभे राहिले आणि तिघंही हरले. लेहमन, सटन आणि डुव्हल यांनीही आपापले सामने जिंकले. अमेरिकेने सुरुवातीचे सहाच्या सहा सामने घेतले आणि युरोपची १०–६ ची आघाडी जाऊन अमेरिका १२–१० ने पुढे गेली.

चषक कुणी घालवला याचं उत्तर माझ्या मते या परिच्छेदात आहे, पुढच्या परिच्छेदांत नाही. सतराव्या ग्रीनवर गैरवागणूक झाली म्हणून युरोप हरला, असं म्हणणाऱ्यांनी हे सहा सामने पुन्हा पाहावेत. प्रकरणाचा अभ्यास करताना अन्यायाला निकालाचं कारण करून टाकण्याचा मोह होतो, तसं केलं की दोन्ही गोष्टी नीट कळत नाहीत.

नंतर पॅड्रेग हॅरिंग्टन युरोपसाठी जिंकला, स्टीव्ह पेट आणि जिम फ्युरिक अमेरिकेसाठी. अमेरिका १४ वर पोचली. आता फक्त अर्धा गुण हवा होता.

अमेरिकेचा जस्टिन लेनर्ड युरोपच्या होसे मारिया ओलाथाबालच्या चार होल मागे होता, आणि होल उरले होते सात. तिथून त्याने सलग चार होल जिंकून बरोबरी साधली. सोळावा होल बरोबरीत गेला. सतराव्या होलवर दोघांचेही चेंडू ग्रीनवर. याच होलवर १९१३ च्या यूएस ओपनमध्ये विसाव्या वर्षी फ्रान्सिस विमेटने हॅरी वार्डन आणि टेड रे या मातब्बरांना मागे टाकायला मदत करणारी बर्डी मारली होती, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी फटक्यात होल पुरा केला होता. त्याचं घर रस्त्याच्या पलीकडेच. अमेरिकी गोल्फसाठी ती जागा आधीच भारलेली होती.

लेनर्डचा पट ४५ फुटांचा होता. चेंडू चढावरून गेला, वळला आणि खळग्यात पडला.

ती काही मिनिटं

लेनर्ड हात उंचावून पळत सुटला. बाजूला थांबलेले अमेरिकेचे खेळाडू, त्यांच्या काठ्यांची पिशवी वाहणारे कॅडी, खेळाडूंच्या बायका, सगळे ग्रीनवर धावले. मिठ्या, उड्या, आरोळ्या. छायाचित्रकार आणि कॅमेरेवाले त्यांच्यामागे.

ओलाथाबालचा चेंडू अजून ग्रीनवरच होता. साधारण २५ फुटांवरून त्याला पट मारायचा होता. तो गेला असता तर होल बरोबरीत, सामना बरोबरीत, आणि सगळं अठराव्या होलवर गेलं असतं. म्हणजे चषकाचा निकाल लागलेला नव्हता. गर्दीतलं कुणी त्याच्या रेषेवरून, म्हणजे त्याचा चेंडू ज्या वाटेने जाणार त्या गवतावरून चाललं का, यावर मतभेद राहिले. काहींनी ‘हो’ म्हटलं, अमेरिकेच्या बाजूने ‘नाही’ म्हटलं गेलं.

ग्रीन मोकळं व्हायला वेळ लागला. ओलाथाबाल थांबला, पुन्हा चेंडूपाशी आला, रेषा पाहिली, पट मारला. चुकला. लेनर्ड एक होल पुढे, एकच होल बाकी, अर्धा गुण पक्का. अमेरिकेने साडेचौदा गाठले. दुसऱ्यांदा जल्लोष झाला, आणि या वेळी तो करायला काहीच हरकत नव्हती.

त्यानंतर ओलाथाबालने अठराव्या होलवर बर्डी मारून तो होल जिंकला आणि सामना बरोबरीत सोडवला. चषक गेल्यावर, त्या मनःस्थितीत. वर्गात मी इथे थांबलो, कारण पोरं हरल्यावर उरलेला सामना कसा खेळतात हे आम्ही रोज पाहतो. अंतिम निकाल साडेचौदा–साडेतेरा.

नियम काय म्हणतात

एका क्रिकेट पंच काकांचा पहिला प्रश्न हाच होता: “नियमात गुन्हा कुठे आहे ते दाखवा, मग पुढे बोलू.” रास्त आहे.

गोल्फच्या नियमपुस्तकात तेव्हा सुरुवातीलाच शिष्टाचाराचं प्रकरण असे. समोरचा खेळत असताना हलू नये, बोलू नये, त्याच्या चेंडूजवळ किंवा खळग्याजवळ उभं राहू नये. पण त्या धावेला लागू पडेल असा सरळसोट दंड नव्हता. शिवाय त्या काळी पटच्या रेषेत बुटांच्या खिळ्यांचे ठसे असले तर ते स्वतः सपाट करण्याची मोकळीक खेळाडूला नव्हती. ती २०१९ च्या नियमबदलानंतर मिळाली. म्हणून रेषेवर पाय पडला का, हा प्रश्न तेव्हा आजच्यापेक्षा जड होता. चेंडू थांबल्यावर दुसऱ्या कुणी परिस्थिती बिघडवली तर ती पूर्ववत करण्याचा हक्क आजच्या नियमांत स्वच्छ शब्दांत लिहिलेला आहे.

पण मला वाटतं, रेषेच्या वादात आपण नको तितके अडकतो. समजा कुणाचाही पाय पडला नव्हता. तरीही २५ फुटांचा पट मारायला लागणारी स्वस्थता तिथून गेली होती. ग्रीनवरची शांतता ही समोरच्यालाही मिळायलाच हवी अशी गोष्ट आहे, जसं सपाट गवत मिळायला हवं. ती मोडली. एवढं पुरेसं आहे.

आणि सगळ्यात मोठं नुकसान ओलाथाबालचं झालं असं मी मानत नाही. ते लेनर्डचं झालं. चार होल मागून येऊन ४५ फुटांवरून मारलेला तो पट रायडर कपच्या सर्वोत्तम क्षणांपैकी एक आहे, आणि त्याचं नाव निघालं की पाठोपाठ ती धाव निघते. ओलाथाबालने तो पट शांततेत मारला असता तर कदाचित तसाच चुकला असता. पण ते आता कधीच कळणार नाही, आणि ते न कळणं विजेत्याच्या खात्यात कायमचं बसलं.

दोष कुणाकडे ठेवायचा

वर्गातल्या मुलांनी सरळ लेनर्डला धरलं. मला ते पटत नाही. ज्याच्या हातून तसा पट पडतो तो काही क्षण भानावर नसतो, आणि नसावाच. तो पळाला तर पळू द्या. पण बाजूला उभे असलेले? त्यांनी पट मारलेला नव्हता, त्यांना ओलाथाबालचा चेंडू दिसत होता, गणित त्यांना ठाऊक होतं. अनुभवी खेळाडू होते ते. त्यांच्यातल्या एकानेही हात आडवा धरला नाही. आणि त्या सगळ्यांच्या वर कर्णधार.

क्रेनशॉने नंतर संघाच्या वतीने माफी मागितली. ती मनापासून होती याबद्दल मला शंका नाही, खेळाच्या परंपरेवर अतोनात प्रेम असलेला माणूस म्हणूनच तो ओळखला जातो. म्हणून तर हे प्रकरण शिकवण्यासारखं आहे. वाईट माणसांनी वाईट केलं, असं ते नाही. चांगल्या माणसांच्या संघात त्या क्षणासाठी कुणी काही ठरवून ठेवलेलं नव्हतं.

मागच्याच सामन्यात

त्याच वेळी अमेरिकेचा पेन स्टुअर्ट आणि युरोपचा कॉलिन माँटगोमेरी यांचा सामना चालू होता. माँटगोमेरीला प्रेक्षकांनी दिवसभर इतकं घाण बोललं की त्याच्या वडिलांना ते ऐकवेना आणि ते मैदान सोडून गेले. स्टुअर्टने आपल्याच देशाच्या त्या प्रेक्षकांना बाहेर काढायला सुरक्षारक्षकांना सांगितलं. चषकाचा निकाल लागल्यावर अठराव्या ग्रीनवर त्याने माँटगोमेरीला पट सोडून दिला आणि सामनाही. एकाच संघातून, एकाच दुपारी, थोड्याच वेळाच्या अंतराने या दोन गोष्टी घडल्या. महिन्याभराने, २५ ऑक्टोबर १९९९ ला, स्टुअर्ट विमान अपघातात गेला.

पुढची दोन प्रकरणं, थोडक्यात

२०१५, जर्मनीतलं सेंट लिऑन-रोट, महिलांचा सोल्हाइम कप. अमेरिकेच्या ॲलिसन लीचा चेंडू खळग्यापासून जेमतेम दीड फुटावर थांबला. समोरची चार्ली हल निघून चाललेली पाहून लीला वाटलं पट दिलाय, तिने चेंडू उचलला. हलची जोडीदार सुझान पेटरसन म्हणाली, दिलेला नाही. नियमाने ती बरोबर होती. होल गेला, सामना गेला, युरोप १०–६ ने पुढे. चिडलेल्या अमेरिकेने एकेरीत मुसंडी मारून साडेचौदा–साडेतेराने कप घेतला. पेटरसनने दुसऱ्या दिवशी जाहीर माफी मागितली. नियमाच्या बाजूने असणं आणि योग्य वागणं यातलं अंतर पंच काकांना या उदाहरणाने जास्त पटलं.

२०१२, शिकागोजवळचं मेडाइना. पुन्हा १०–६, पण आता युरोप मागे आणि त्यांचा कर्णधार ओलाथाबाल. पुन्हा सतरावा होल. जस्टिन रोजने फिल मिकलसनविरुद्ध सुमारे ३५ फुटांचा पट घातला आणि बरोबरी साधली. मिकलसनने हसून अंगठा वर केला. रोज पुढचा होलही जिंकला आणि युरोपने साडेचौदा–साडेतेराने चषक नेला. मिकलसन १९९९ च्या अमेरिकी संघातही होता. माणूस तोच असतो, हे पोरांना आवर्जून सांगावं. तेरा वर्षांत वेगळं वागता येतं.

आमच्याकडे

वर्गात सगळ्यात वजनदार आक्षेप खो-खोच्या प्रशिक्षक ताईंचा आला. त्या म्हणाल्या, “सर, माझ्या मुलींना घरी लहानपणापासून हळू बोल, हळू हस असंच सांगतात. मैदानावर पहिल्यांदा त्या घसा फाडून ओरडतात. तुम्ही आता इथेही आवाज कमी करायला सांगणार?”

मला त्यांचं म्हणणं पूर्ण मान्य आहे. संयमाचा उपदेश नेहमी आधीच गप्प बसवलेल्यांच्या वाट्याला जास्त येतो. म्हणून आम्ही आवाजाबद्दल काहीच ठरवलं नाही. नाचणं, ओरडणं, खांद्यावर उचलणं, सगळं चालेल. विचारायचा प्रश्न एकच: समोरच्याची पाळी बाकी आहे का? बाकी असेल तर ती होईपर्यंत जागेवर थांबायचं. संपली असेल तर मैदान तुमचं. ताईंनी हे मान्य केलं, पण एक भर घालून: हा प्रश्न मुलींना जितक्या कडकपणे विचाराल, तितक्याच कडकपणे मुलांनाही विचारा.

मल्लखांबवाल्यांना हे सगळ्यात लवकर कळलं. एका संघाचा खेळाडू सुरेख उडी घेऊन उतरतो, त्याचे साथीदार खांबाभोवती गोळा होतात, आणि पुढचा पोरगा तेल लावलेल्या खांबाकडे बघत, श्वास सांभाळत उभा असतो. त्याचं सगळं चित्त त्या पहिल्या पकडीवर असतं. चुकला तर जमिनीवर येतो.

ठरलं ते असं. प्रत्येक संघाच्या राखीव खेळाडूंपुढे एक ज्येष्ठ मुलगा किंवा मुलगी उभी राहील, सामन्याआधी तिचं नाव पंचांना कळवायचं, आणि मैदानाची सीमारेषा कधी ओलांडायची हे तिने सांगायचं. प्रशिक्षकाने हे काम स्वतःकडे घ्यायचं नाही, कारण अशा क्षणी तोही धावत सुटतो. खेळणाऱ्याकडेही द्यायचं नाही. रेषा मोडली तर गुण कापावेत का, यावर मत फुटलं. पंच काका कापण्याच्या बाजूचे, मी विरुद्ध, ताई अजून विचारात आहेत.

पालकांचा प्रश्न सुटलेला नाही. माँटगोमेरीला बोलणारे खेळाडू नव्हते, प्रेक्षक होते, आणि आमच्याकडेही सर्वांत वाईट शब्द खुर्च्यांवरून येतात. येत्या आंतरशालेय मल्लखांब स्पर्धेपुरतं एवढंच करतो आहोत की पालकांच्या खुर्च्या खांबाच्या त्या बाजूपासून दूर हलवायच्या, जिथे पुढचा खेळाडू पाळीची वाट पाहत उभा राहतो.